आठ डब्या, तीन महिने : त्वचाप्रसाधनांसाठीच्या नैसर्गिक रंगांचा एक संच

साबण, क्रीम आणि ओठांचा बाम स्वतःपुरता घरीच करण्याला मला आता बरीच वर्षे झाली, तरी रंगाच्या बाबतीत मी हात आखडताच घेत आले होते. तेलांचा जो काही मूळचा पिवळसर किंवा हिरवट रंग वडीत उतरेल, त्यावर समाधान मानायचे असा शिरस्ता होता. त्यामुळे ‘त्वचाप्रसाधनांसाठी संपूर्ण नैसर्गिक व वनस्पतिजन्य रंग’ असे ठळक अक्षरांत मिरवणारा आठ डब्यांचा संच दिसला, तेव्हा मोह आवरला नाही. आत हळद, शेंद्रीच्या बिया, रतनजोत, मंजिष्ठा, बीट, स्पिरुलिना नावाचे वाळवलेले शेवाळ, तांबडी माती आणि ‘नैसर्गिक लाल’ एवढेच नाव धारण करणारी एक गडद भुकटी अशा आठ डब्या होत्या. सोबत एक गुळगुळीत कार्ड होते आणि त्यावर छापले होते, “कोणत्याही क्रीममध्ये, लोशनमध्ये, बाममध्ये किंवा साबणात चिमूटभर मिसळा.” विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, अशाच मजकुराची कार्डे मी इतरांच्या संचांतही पाहिली आहेत आणि माझी तक्रार त्या मजकुराबद्दल अधिक आहे.

तीन महिन्यांच्या वापरानंतरचे मत आधीच सांगून टाकते. डब्यांतला माल बहुतांशी चांगला आहे, कार्ड मात्र फाडून टाकण्याच्या लायकीचे आहे. त्यातला ‘कोणत्याही’ हा एक शब्द सगळा घोटाळा करतो, कारण या आठांपैकी बहुतेक रंग सगळ्या माध्यमांत सारखे वागत नाहीत. डबीत दिसणारा रंग हा त्या भुकटीचा कोरडेपणीचा रंग असतो. तो तेलात गेला, पाण्यात गेला, आम्लात गेला की क्षारात गेला, यावर पुढचे सारे ठरते. हे ज्याला ठाऊक नाही त्याचा या संचातला निम्मा माल पहिल्या आठवड्यातच वाया जाईल, आणि तो दोष स्वतःच्या हाताला देत बसेल.

मी केलेली तपासणी प्रयोगशाळेतली नव्हती, पण थोडी शिस्त पाळली. प्रत्येक रंग तीन ठिकाणी वापरून पाहिला : थंड पद्धतीने केलेल्या साबणात, साध्या क्रीममध्ये आणि फक्त तेल व मेण असलेल्या बाममध्ये. साबणाचा सामू, म्हणजे आम्ल-क्षारपणा मोजणारा पीएच, साधारण ९ ते १० असतो. त्वचेचा सामू ५ च्या आसपास असल्यामुळे क्रीमही त्याच्या जवळपास ठेवले जाते. बाममध्ये पाणीच नसते, त्यामुळे तिथे सामूचा प्रश्न येत नाही. तिथे रंग तेलात विरघळतो की नुसता तळाशी बसतो, एवढेच पाहायचे असते. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले, एक ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवला आणि दुसरा कपाटाच्या बंद खणात. कागदाच्या पट्टीवर तारीख आणि रंगाचे वजन लिहून ती पट्टी प्रत्येक नमुन्याला चिकटवली. वजन लिहिण्याचे कारण पुढे येईलच.

संचातली सर्वांत समाधान देणारी डबी शेंद्रीची निघाली. या बिया पाहिल्या की तांबड्या मातीत लोळवून आणल्यासारख्या दिसतात. रंग बीच्या आत नसतो, तिच्या अंगावरच्या पातळ लेपात असतो. दोन बिया चिमटीत धरून चोळल्या की बोटांची टोके लगेच शेंदरी होतात. या लेपातला मुख्य रंगपदार्थ म्हणजे बिक्सिन, आणि तो तेलात विरघळतो. पहिल्या खेपेला मी घाई केली, तेल थेट आचेवर तापवून त्यात बिया टाकल्या आणि शेंदरी ऐवजी काढ्यासारखे पिवळट-तपकिरी तेल पदरात पडले, कारण फार उष्णता लागली की बिक्सिनचे रेणू तुटतात. दुसऱ्या वेळी बरणीत तेल आणि बिया घेऊन ती बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली. काही मिनिटांतच प्रत्येक बीभोवती नारिंगी धुरासारख्या रेषा तेलात उतरू लागल्या, आणि तासाभराने सारे तेल एकसारखे, पारदर्शक आणि इतके गडद झाले की बरणीपलीकडचे बोट दिसेना. मलमलीतून गाळल्यावर तळाशी गाळ म्हणून काही राहिला नाही.

हे तेल बाममध्ये घातले तर स्वच्छ जर्द रंग येतो, हाताला एक कणही लागत नाही. क्रीममध्ये थेंब-दोन थेंबांनी लोण्यासारखा पिवळसर रंग येतो आणि जरा सढळ हाताने घातले तर जर्दाळूकडे झुकणारा. साबणात तर मला त्याचे विशेष कौतुक वाटले. बिक्सिन हे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेले संयुग, असल्यामुळे क्षारात त्याचे नॉरबिक्सिनच्या लवणात रूपांतर होते आणि ते पाण्यात विरघळते. म्हणजे एरवी ज्या क्षारापुढे वनस्पतींचे रंग माना टाकतात, तिथे शेंद्री नुसता वेश बदलते आणि रंग टिकवून धरते. वडी प्रथम नारिंगी आणि मुरल्यावर उबदार पिवळी झाली. खिडकीतला तुकडा महिन्याभरात एका छटेने उतरला, खणातला जवळजवळ तसाच राहिला. त्रुटी एकच आणि ती माझ्या हव्यासाची : एका घाण्यात तेल जास्त पडले, तर साबणाचा फेससुद्धा पिवळा येऊ लागला आणि पांढऱ्या टॉवेलने त्याची साक्ष दिली.

रतनजोतीची डबी ही संचातली नाटकी मंडळी. वाळलेल्या मुळांचे जांभळट तुकडे तेलात रात्रभर ठेवले तर सकाळी तेल माणकासारखे लाल झालेले असते. त्यातला अल्कॅनिन हा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही, आणि सामूनुसार रंग बदलतो : आम्लात लाल, क्षारात निळा. हे मी वाचलेले होते, तरी प्रत्यक्ष पाहताना दचकायला झाले. लाल तेल साबणाच्या मिश्रणात ओतले आणि ढवळता ढवळता ते करडे, मग पावसाळी ढगासारखे निळसर झाले. चोवीस तासांनी साचा उघडला तेव्हा वडी राखाडी-निळी होती आणि मी ती जवळजवळ फेकून देणार होते. सहा आठवडे मुरल्यावर तीच वडी फिक्या जांभळ्या रंगावर स्थिरावली, आणि तीन महिन्यांनंतरही माझ्या कपाटातल्या वड्यांत ती सर्वांत देखणी आहे. हाच खेळ बोटावरही दिसतो. बाम लावलेले बोट गुलाबी दिसत होते, ते साबणाने धुवायला घेतले तर बेसिनमध्ये निळसर पाणी वाहिले.

तरीही ही डबी मी कोणाला डोळे मिटून सुचवणार नाही. रतनजोत हे एकाच वनस्पतीचे नाव नाही. या नावाखाली अल्काना, अर्नेबिया, ओनोस्मा अशा वेगवेगळ्या वंशांतली मुळे विकली जातात, आणि डबीवर शास्त्रीय नाव कुठेही नाही. ही सारी मंडळी ज्या कुळातली आहेत, त्या कुळातल्या अनेक वनस्पतींत यकृताला अपायकारक असे पायरोलिझिडिन अल्कलॉइड आढळतात, आणि अल्कानाच्या मुळातही ते असतात. धुऊन टाकायच्या साबणात मला त्याची फारशी काळजी वाटत नाही. ओठांवरच्या बामची गोष्ट वेगळी आहे, कारण तो थोडाथोडा करून पोटातच जातो. विक्रेत्याने निदान वनस्पतीचे पूर्ण नाव आणि हे अल्कलॉइड तपासल्याचा एक शब्द द्यायला हवा होता. तो मिळेपर्यंत माझ्या घरात रतनजोत फक्त साबणात जाईल.

मंजिष्ठेबद्दल थोडक्यात सांगता येईल. ती साबणाची आहे आणि तिथेच शोभते. भुकटी थेट तेलात घातली तर नुसती किरकिर लागते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात आधी भिजवली तर मात्र विटकरी-गुलाबी रंग छान उतरतो आणि उन्हातही बऱ्यापैकी तग धरतो. मंजिष्ठेच्या मुळांत पुरपुरिन आणि मंजिस्टिन हे रंगपदार्थ असतात, आणि यांतल्या दुसऱ्याचे नाव आपल्याच शब्दावरून पडले आहे, हे मला हा संच घेतल्यावरच लक्षात आले. तिच्या युरोपीय बहिणीच्या मुळातले अलिझारिन ग्रेबे आणि लिबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. कृत्रिमरीत्या बनवता आलेला तो पहिला वनस्पतिजन्य रंग. म्हणजे रेणू तोच, मूळ मात्र वेगळे. ‘नैसर्गिक’ या शब्दाला रसायनशास्त्रात नेमका किती अर्थ उरतो, हा प्रश्न इथूनच सुरू होतो आणि तांबड्या मातीच्या डबीपाशी तो टोकाला जातो.

त्याआधी हळद. हळदीचा डाग पडलेल्या कापडाला साबण लावताच तो लाल होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हळद साबणात काय करील हे वेगळे सांगायला नको. मिश्रणात पडताच तिने वीटकरी रंग धारण केला आणि तेलांचे साबणात रूपांतर पूर्ण होऊन क्षाराचा जोर ओसरला, तशी ती हळूहळू पिवळ्या-नारिंगीकडे परतली. खरे दुखणे उजेडाचे आहे. खिडकीतल्या वडीचा वरचा पापुद्रा तीन आठवड्यांत मळकट पांढरा झाला. ती मधोमध कापून पाहिली तेव्हा आत मात्र ताजा पिवळा रंग जसाच्या तसा होता, एखाद्या फळाची साल काढल्यासारखा. हळदीतला पिवळा रंगपदार्थ कुर्क्युमिन उजेडात विघटन पावतो आणि उजेड जिथवर पोहोचतो तिथवरच हे घडते, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे मिळाला नसता. क्रीममध्ये सामू ५ च्या आसपास असल्यामुळे हळद पिवळी राहते, पण इतकी इमानदार राहते की चेहऱ्यावर, उशीच्या अभ्र्यावर आणि कॉलरवर ती आपली हजेरी लावते. ५० ग्रॅम क्रीमला ०.०५ ग्रॅम हे प्रमाण मला सहन करण्याजोगे वाटले. कार्डावरची ‘चिमूट’ मी तराजूवर टाकून पाहिली, तर ती ०.३ ग्रॅम भरली, म्हणजे सहापट. दागिन्यांच्या तराजूइतका नाजूक तराजू घरात नसेल, तर हा संच घेऊ नये असे माझे प्रामाणिक मत आहे.

बीट आणि स्पिरुलिना या दोन डब्यांवर फार शब्द खर्चण्याची इच्छा नाही. बीटमधले बेटानिन पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे बाममध्ये गुलाबी ठिपके तेवढे तरंगतात. उष्णता त्याला सोसत नाही आणि क्षार तर मुळीच नाही. साबणाच्या मिश्रणात घातलेला तो सुंदर गुलाबी रंग माझ्या डोळ्यांदेखत, कढई पुसून होईपर्यंत, पिवळट-तपकिरी झाला. क्रीममध्ये त्याने काही दिवस लाज राखली, पण पाचव्या आठवड्यात त्या क्रीमवर करड्या रंगाचे बुरशीचे ठिपके आले. दोष निव्वळ बीटचा नाही. वनस्पतींच्या कोणत्याही भुकटीबरोबर सूक्ष्मजीव आणि त्यांचे बीजाणू येतात, शिवाय बीटमध्ये साखर असते, आणि माझ्या क्रीममधल्या परिरक्षकाला, म्हणजे ते नासू न देणाऱ्या घटकाला, ते ओझे पेलले नाही. पण मग पाणी असलेल्या क्रीममध्ये भुकटी मिसळा असे सांगणाऱ्या कार्डाने परिरक्षकाबद्दल अवाक्षरही का काढू नये? बुरशी दिसली म्हणून मी ते फेकले. जीवाणूंची वाढ अशी डोळ्यांना दिसत नाही, आणि घरगुती क्रीमच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती तिचीच.

स्पिरुलिना पहिल्या आठवड्यात मन जिंकते. साबणात गर्द हिरवी वडी, क्रीममध्ये पिस्त्याचा रंग. मग हरितद्रव्य आपले खरे रूप दाखवते. आम्लधर्मी क्रीममध्ये त्याच्या रेणूच्या मध्यभागी असलेला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. साबणात उजेडाने तेच काम जरा सावकाश केले. स्पिरुलिनातला निळा फायकोसायनिन तर गरम मिश्रणातच गारद झाला असावा. ज्यांना टिकाऊ हिरवा हवा असतो ते मॅग्नेशियमच्या जागी तांबे बसवलेले कॉपर क्लोरोफिलिन वापरतात, आणि वेष्टनावर त्याचा क्रमांक ७५८१० असा दिसतो. तो संचात असता तर स्पिरुलिनाची जागा सत्कारणी लागली असती. पण ‘स्पिरुलिना’ हे नाव अधिक विकते, हे उघड आहे.

क्रमांकाचा विषय निघालाच आहे, तर तो इथेच स्पष्ट करते, कारण पुढच्या दोन डब्यांचा उलगडा त्याशिवाय होत नाही. कलर इंडेक्स नावाच्या आंतरराष्ट्रीय सूचीत प्रत्येक रंगपदार्थाला पाच अंकी क्रमांक दिलेला असतो आणि प्रसाधनांच्या घटकांच्या यादीत तो ‘सी. आय.’ या अक्षरांपुढे छापतात. ७५ ने सुरू होणारे क्रमांक नैसर्गिक सेंद्रिय रंगांचे : हळदीतले कुर्क्युमिन ७५३००, शेंद्री ७५१२०. ७७ ने सुरू होणारे क्रमांक खनिज वर्गातले : लाल आयर्न ऑक्साइड ७७४९१, पिवळे ७७४९२, काळे ७७४९९. दर्शनी बाजूवर छापलेल्या पानाफुलांच्या चित्रांपेक्षा मागच्या बाजूचे हे पाच अंक वाचण्याची सवय लावून घेतली, तर बरीच फसवणूक टळते. या संचात ते डबीच्या बुडाशी, भिंग घेऊन वाचावे लागतील इतक्या बारीक टायपात आहेत.

तांबड्या मातीच्या बुडाशी ७७४९१ होते. वापरायला ही डबी बिनतोड आहे. साबणात, क्रीममध्ये, बाममध्ये रंग एकसारखा. खिडकीतला नमुना आणि खणातला नमुना शेजारी ठेवले तर कोणता कोणता हे पट्टी वाचल्याशिवाय मला सांगता येत नाही. आयर्न ऑक्साइड विरघळत नाही, सामूला भीक घालत नाही, उजेडाने उतरत नाही. फक्त आधी थोड्या तेलात नीट खलून घ्यावे लागते, नाहीतर रेघा पडतात. पण खरी गोम वेगळीच आहे. जमिनीतून काढलेल्या मातीत लोहाबरोबर शिसे, आर्सेनिक यांसारखे जड धातू येऊ शकतात, आणि म्हणूनच प्रसाधनांत वापरले जाणारे आयर्न ऑक्साइड सहसा कारखान्यात तयार केलेले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रसाधनांतल्या आयर्न ऑक्साइडसाठी आर्सेनिक व पारा प्रत्येकी दशलक्ष भागांत ३ आणि शिसे दशलक्ष भागांत १० अशा कमाल मर्यादा घातलेल्या आहेत. म्हणजे इथे ‘नैसर्गिक’ असणे ही गुणवत्तेची खूण नसून चौकशी करण्याचे कारण आहे. मी विक्रेत्याला लिहून विचारले की ही माती खाणीतली आहे की तयार केलेली, आणि खाणीतली असल्यास जड धातूंच्या तपासणीचा दाखला मिळेल का. उत्तर आले की उत्पादन संपूर्ण नैसर्गिक असल्यामुळे तपासणीची आवश्यकता नाही. या एका उत्तरासाठी मी संचाचा एक तारा कापला आहे. त्यानंतर ती डबी मी क्रीमसाठी उघडलेली नाही.

आता आठवी डबी. ‘नैसर्गिक लाल’ची भुकटी दिसायला वाळलेल्या रक्तासारखी गडद, पण बामात तिळाएवढी घातली तरी तलम, थंड छटेचा, अगदी हवा तसा लाल रंग येतो. क्रीममध्ये ती गुलाबी होते आणि गुलाबीच राहते. उजेड नाही, उष्णता नाही, कशानेच ती डगमगली नाही. मी एक छोटा बाम भाचीला दिला. ती प्राण्यांपासून मिळवलेली कोणतीही वस्तू वापरत नाही, म्हणून मेणसुद्धा मी मधमाश्यांचे न घेता वनस्पतींचे घेतले होते. दोन दिवसांनी तिचा फोन आला. “मावशी, डबीच्या खालचा नंबर वाच बरं. ७५४७० आहे ना? अगं, हा कीटकांचा रंग आहे.” मी भिंग आणले. क्रमांक तोच होता.

७५४७० म्हणजे कार्माइन. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्यांच्या माद्या वाळवून त्यांतले कार्मिनिक आम्ल काढतात आणि ॲल्युमिनियमच्या साहाय्याने त्याचा न विरघळणारा रंग बनवतात. हा रंग नैसर्गिक आहे यात शंका नाही, मात्र तो वनस्पतिजन्य नाही, आणि खोक्यावर दोन्ही शब्द छापलेले आहेत. गंमत अशी की आपल्या भाषेने ही गोष्ट कधीच लपवली नव्हती. किरमिजी हा शब्द ज्या घराण्यातला आहे त्याच्या मुळाशी कृमी आहे. अरबी-फारसीतला किरमिज, संस्कृतातला कृमिज आणि कार्माइन हे सारे एकमेकांचे नातलग. मूळचा किरमिज वेगळ्या किड्यापासून मिळे, पण नाव किड्याचेच. जन्मभर ‘किरमिजी रंगाची साडी’ म्हणणाऱ्या मला त्यातला किडा भाचीच्या फोननंतर ऐकू आला.

प्रश्न केवळ शाकाहाराचा असता तर तो ज्याच्या त्याच्या तत्त्वावर सोडता आला असता. पण कार्माइनमुळे क्वचित कोणाला तीव्र ॲलर्जी होऊ शकते, आणि याच कारणाने अमेरिकेत खाद्यपदार्थ व प्रसाधने यांच्या वेष्टनावर कार्माइन किंवा कोचिनियल असे नावानिशी छापण्याची सक्ती ५ जानेवारी २०११ पासून लागू आहे. ज्या रंगाला नावाने ओळखता यावे म्हणून कायदा करावा लागला, त्याला ‘नैसर्गिक लाल’ म्हणून सोडून देणे हे अज्ञानातून झाले असेल असे मला वाटत नाही. विशेष वाईट याचे वाटते की रंग म्हणून संचातली ही सर्वांत सरस वस्तू आहे. सरळ नाव लिहिले असते, तरी ज्यांना चालते त्यांनी ती आनंदाने घेतली असती.

‘खाण्याजोगे आहे, म्हणजे त्वचेला चालणारच’ हा युक्तिवादही कार्डावर आडून केलेला आहे, आणि तोही तपासून घेण्यासारखा आहे. युरोपीय संघात प्रसाधनांसाठी मान्य रंगांची वेगळी यादी आहे, ती २००९ च्या १२२३ क्रमांकाच्या नियमावलीच्या चौथ्या परिशिष्टात दिलेली आहे. बीटचा रंग आणि कुर्क्युमिन दोन्ही त्या यादीत आहेत. अमेरिकेत मात्र हळद आणि बीटची भुकटी खाद्यपदार्थांत रंग म्हणून मान्य आहेत, प्रसाधनांसाठीच्या रंगांत त्यांची नोंद नाही. एकाच भुकटीबद्दल दोन नियामकांचे निर्णय वेगळे असतील, तर विक्रीसाठी प्रसाधने बनवणाऱ्याने आपल्या देशाची यादी उघडून पाहण्याला पर्याय नाही. घरच्यापुरते करणाऱ्यांनी निदान कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. मंजिष्ठेच्या साबणाने आणि शेंद्रीच्या बामने मला काही त्रास झाला नाही, पण माझी कातडी हा कोणाच्याही कातडीचा दाखला नव्हे.

वेष्टनाबद्दल एक तक्रार राहिली. आठांपैकी निदान चार रंग उजेडाने उतरणारे, आणि सगळ्या डब्या पारदर्शक. दुकानाच्या फळीवर त्या सुंदर दिसतात यात वाद नाही, पण स्पिरुलिनाच्या डबीत वरचा थर आणि तळाचा थर यांच्या छटा मला पहिल्याच दिवशी वेगळ्या दिसल्या होत्या. मी सगळा माल तपकिरी काचेच्या बरण्यांत काढून ठेवला आणि शेंद्रीच्या तेलात जीवनसत्त्व ई चे काही थेंब घातले, कारण शेंद्रीतल्या बिक्सिनसारख्या कॅरोटिनॉइड रंगांना उजेडाइतकीच हवाही बाधते.

पाचपैकी अडीच तारे. ज्यांना साबण करता येतो, सामू म्हणजे काय हे माहीत आहे आणि घटकांची यादी वाचायची सवय आहे, त्यांना शेंद्री, मंजिष्ठा आणि साबणापुरती रतनजोत एवढ्यासाठी हा संच परवडेल. नवख्या माणसाने तो भेट म्हणूनही स्वीकारू नये. कार्माइनच्या डबीवर मी जाड शाईने ‘किरमिजी, किड्यांपासून’ असे लिहून ठेवले आहे. भाचीला नव्याने करून दिलेला बाम शेंद्रीचा आहे, आणि तो लावल्यावर ओठ लाल दिसत नाहीत, जर्द दिसतात, ही तिची तक्रार अजून चालू आहे. शेंद्रीची डबी आता तळाला गेली आहे. त्या बिया सुट्या मिळतील का, असे विक्रेत्याला विचारले आहे; या पत्राचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.